काळोख टिकवणारा पत्रा : अवकाश छायाचित्रांच्या मेटल प्रिंटचा वर्षभराचा अनुभव

मेहकर तालुक्यातील आमच्या गावात सार्वजनिक वाचनालयाची जी जुनी खोली आहे, तिच्या भिंती विटा आणि मातीच्या असून त्यांवर दर दिवाळीला चुना मारला जातो. या भिंतींवर अवकाश संशोधनातील निवडक छायाचित्रे कायमची लावावीत, असे आम्ही काही जणांनी ठरवले आणि त्यासाठी कागदाऐवजी अॅल्युमिनियमच्या पत्र्यावरील छपाई, म्हणजे ज्याला सगळे मेटल प्रिंट म्हणतात, ती निवडली. गेल्या वर्षभरात पावसाळा, हिवाळा आणि मे महिन्यातील पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा या पत्र्यांनी पाहिला आहे. त्यामुळे आता त्यांच्याविषयी जबाबदारीने काही सांगता येईल असे वाटते. छपाई नागपूरच्या एका व्यावसायिकाकडून करून घेतली. त्याचे नाव येथे देत नाही, कारण हे परीक्षण एका दुकानाचे नसून या प्रकारच्या छपाईचे आहे.

कागद का नको, हे आमच्या भागातील कोणालाही सांगावे लागणार नाही. या खोलीत पूर्वी पृथ्वीचे एक मोठे छायाचित्र काचेच्या चौकटीत लावलेले होते. दोन पावसाळ्यांत भिंतीची ओल मागच्या प्लायवूडमधून आत शिरली, कागद काचेला चिकटला, आणि चौकट उतरवली तेव्हा मागील बाजू उधईने खाऊन तिची चाळण झालेली होती. अॅल्युमिनियमला उधई लागत नाही, कसर लागत नाही आणि ते गंजून तांबडे पडत नाही. पाल त्यावर फिरली तरी ओल्या मऊ फडक्याने तो पुसून घेता येतो. केवळ एवढ्या कारणासाठीही मी मेटल प्रिंटची शिफारस केली असती, परंतु खरे कारण वेगळे आहे.

अवकाशाच्या छायाचित्रात निम्मा विषय काळोख हाच असतो. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे तेथील आकाश भर दिवसाही पूर्ण काळे दिसते. आपल्याकडे दुपारी ऊन हवेत विखुरते, तसे तेथे होत नाही. हा काळेपणा साध्या कागदावर राखी दिसतो, फ्लेक्सच्या बॅनरवर तर धुळकट दिसतो, आणि काळोख राखी झाला की त्यासमोरची पृथ्वी नुसते निळे वर्तुळ होऊन बसते. चकचकीत लेप असलेल्या अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर मात्र काळा रंग खोल उतरतो. आमच्या खोलीत सायंकाळी ट्यूबलाइट लावल्यावर पृथ्वी त्या काळ्यातून बाहेर आल्यासारखी दिसते, आणि हे मी वर्षभर रोज पाहत असूनही प्रत्येक वेळी तेथे थांबतो.

या छपाईची रीत समजून घेतली तर तिचे गुण आणि मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात. चित्र प्रथम एका विशेष कागदावर उलटे छापले जाते. नंतर तो कागद पॉलिमरचा लेप दिलेल्या अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर ठेवून सुमारे दोनशे अंश सेल्सिअस तापमानाच्या प्रेसखाली एक ते तीन मिनिटे दाबतात. उष्णतेने शाईतील रंग द्रवरूप न होता थेट वायूरूप होतो आणि लेपाच्या आत शिरून तेथेच बसतो. कापूर जसा न वितळता उडून जातो, तसेच हे संप्लवन होय. रंग पृष्ठभागावर नसून लेपाच्या आत असल्यामुळे तो नखाने खरवडून निघत नाही आणि पाण्याने ओघळत नाही. परंतु याच कारणाने कोपरा एकदा वाकला की तो सरळ करता येत नाही. पत्रा सरळ होईल, पण वरचा लेप तडकतो आणि तडकलेल्या रेषेत रंग परत भरता येत नाही. आमचा एक पत्रा कुरिअरच्या गाडीत कोपऱ्यावर आपटून आला. गावापर्यंत कुरिअर येत नाही, म्हणून तो तालुक्याच्या ठिकाणी जाऊन घ्यावा लागला आणि घाईत तेथे उघडून पाहिला नाही, ही आमची चूक झाली. मेटल प्रिंट ताब्यात घेताना चारही कोपरे तेथेच तपासावेत, एवढे मी आग्रहाने सांगेन.

बाजारात ‘मेटल’ या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात, हेही येथेच सांगतो. एक वर सांगितलेली संप्लवनाची छपाई. दुसरी म्हणजे एसीपी शीटवर अतिनील किरणांनी वाळणाऱ्या शाईने केलेली थेट छपाई. एसीपी म्हणजे दोन पातळ अॅल्युमिनियमच्या थरांमध्ये प्लास्टिकचा गाभा असलेली तीच शीट, जी दुकानांच्या पाट्यांना वापरतात. ती स्वस्त पडते, सपाट राहते आणि सहज वाकत नाही, म्हणून शाळेच्या व्हरांड्यातील मोठ्या तक्त्यासाठी ती योग्यच आहे. पण तिच्यावर शाई वरच्या वर बसलेली असते, काळा रंग तेवढा खोल येत नाही आणि टोकदार वस्तू लागली तर ओरखडा उमटतो. आम्ही चोवीस बाय छत्तीस इंचाच्या संप्लवन छपाईला साडेसात हजार रुपये आणि बारा बाय बारा इंचाला दीड हजार रुपये मोजले. एसीपीवर हेच काम जवळपास निम्म्या पैशांत झाले असते. नक्षत्रांचे नकाशे किंवा ग्रहांचे तक्ते लावायचे असतील तर निम्मेच पैसे खर्च करावेत, असे माझे मत आहे.

आता छायाचित्रांकडे वळतो, कारण समाधान किंवा निराशा ही पत्र्यापेक्षा निवडीवर अधिक अवलंबून असते.

पहिले छायाचित्र पृथ्वी-उदयाचे. २४ डिसेंबर १९६८ रोजी अपोलो ८ हे अमेरिकी यान चंद्राभोवती फिरत असताना त्यातील अंतराळवीर विल्यम अँडर्स यांनी हॅसलब्लाड कॅमेऱ्यात २५० मिलिमीटरच्या भिंगाने, रंगीत फिल्मवर ते टिपले. मूळ चौकट चौरस आहे आणि तिच्यात चंद्राची कड उजव्या बाजूला उभी दिसते. आपण नेहमी पाहतो तो खाली चंद्र आणि वर पृथ्वी असा देखावा चित्र फिरवून केलेला आहे. आम्ही चौरसच ठेवले, चोवीस बाय चोवीस इंच, आणि फिल्मच्या मोठ्या स्कॅनवरून छापून घेतले. पहिली प्रत मात्र आम्हाला परत करावी लागली. छपाईवाल्याच्या मुलाने ग्राहकाला बरे वाटावे म्हणून चित्र ‘ब्राइट’ केले होते. परिणामी काळे आकाश करडे झाले आणि फिल्मचे बारीक दाणे सगळीकडे वर आले. लग्नाच्या फोटोत अंधार उजळणे योग्य असेल, येथे तो अंधार उजळायचाच नसतो. दुसऱ्या वेळी मी स्वतः नागपूरला गेलो, संगणकासमोर बसलो, आणि काळ्या भागाला हात न लावता छापून घेतले. ही दुसरी प्रत निर्दोष आहे. पृथ्वीवरील ढगांची पांढरी वळणे आणि चंद्राची तपकिरी-राखी माती यांत जो फरक आहे, तो येथे डोळ्यांना जाणवतो. ज्यांना एकच मेटल प्रिंट घ्यायची आहे, त्यांनी हीच घ्यावी.

दुसरे छायाचित्र कॅरिना तेजोमेघाच्या, म्हणजे अवकाशातील वायू आणि धुळीच्या प्रचंड ढगाच्या, कड्यांचे, जे जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीच्या पहिल्या संचात १२ जुलै २०२२ रोजी प्रसिद्ध झाले. हा तेजोमेघ सुमारे ७,६०० प्रकाशवर्षे दूर आहे. या चित्राची पूर्ण फाइल चौदा हजार पिक्सेलहून अधिक रुंद आहे. खोलीत चार-पाच फुटांवरून पाहायच्या चित्राला इंचामागे दीडशे पिक्सेल मिळाले तरी पुरे होतात. म्हणजे छत्तीस इंचांच्या पत्र्याला साडेपाच हजार पिक्सेल लागतात, आणि येथे त्याच्या अडीचपटीहून जास्त हाती आहेत. साहजिकच हा पत्रा नाक लावून पाहिला तरी तारे तुटक दिसत नाहीत. मात्र यातील रंग डोळ्यांना दिसणारे नाहीत. दुर्बिणीने अवरक्त प्रकाश टिपला आणि वेगवेगळ्या तरंगलांबींना वेगवेगळे दृश्य रंग दिले गेले. वाचनालयात येणाऱ्या एका आजींनी विचारले, “बापू, वर गेलो तं हे असंच दिसन का?” या प्रश्नाचे उत्तर चित्राखाली लिहिलेले असलेच पाहिजे, असे मला त्या दिवशी पटले. आम्ही आता प्रत्येक पत्र्याखाली एक छोटी पाटी लावली आहे. तिच्यावर चित्र कोणी, कधी, कशाने घेतले आणि त्यातील रंग कोठून आले, हे लिहिलेले आहे.

हबल या अवकाश दुर्बिणीच्या १९९५ च्या ‘निर्मितीच्या स्तंभां’साठी ही पाटी विशेष उपयोगी पडली. गरुड तेजोमेघातील हे स्तंभ सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षांवर आहेत. तेथे गंधकाच्या प्रकाशाला लाल, हायड्रोजनच्या प्रकाशाला हिरवा आणि ऑक्सिजनच्या प्रकाशाला निळा रंग दिलेला आहे. या चित्राचा एक कोपरा पायऱ्या-पायऱ्यांनी काळा आहे, आणि तो छपाईतील दोष नाही. त्या कॅमेऱ्यातील चार भागांपैकी एक भाग आकाराने लहान पण अधिक बारीक तपशील टिपणारा होता. त्याचे चित्र इतरांच्या मापाला आणले की तेवढी जागा रिकामी राहते. अनेक विक्रेते तो कोपरा कापून टाकतात किंवा नवे तारे रंगवून भरतात. तसे केलेले चित्र घेऊ नये. तो पायऱ्यांचा कोपरा म्हणजे यंत्राची स्वतःची खूण आहे आणि ती भिंतीवर राहिली पाहिजे.

आपल्या देशाची दोन चित्रे घ्यायचीच होती. मंगळयानाने २०१४ मध्ये सुमारे ७४,५०० किलोमीटर उंचीवरून घेतलेले मंगळाचे पूर्ण बिंब, ज्यात उत्तर गोलार्धात उठलेले धुळीचे वादळ दिसते, ते बारा बाय बारा इंचावर फार चांगले उतरले आहे. त्या कॅमेऱ्याचा संवेदक दोन हजार पिक्सेल लांब आणि तेवढाच रुंद होता, त्यामुळे याहून फार मोठे करू नये.

दुसरे, चंद्रयान-३ मधील विक्रम या चंद्रावर उतरणाऱ्या यानाचे छायाचित्र, ज्याच्याविषयी मला अधिक लिहायचे आहे. २३ ऑगस्ट २०२३ च्या सायंकाळी विक्रम चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील प्रदेशात उतरला, तेव्हा या वाचनालयात एका मोबाइलभोवती चाळीसेक माणसे उभी होती, सोयाबीनची फवारणी सोडून आलेली. त्यानंतर आठवड्याभराने, ३० ऑगस्टच्या सकाळी, त्यातून उतरलेल्या प्रज्ञान या चाकांच्या गाडीने, म्हणजे रोव्हरने, आपल्या नॅव्हिगेशन कॅमेऱ्यातून विक्रमचे चित्र घेतले. ते कृष्णधवल आहे, पिक्सेलच्या हिशेबाने लहान आहे आणि सुंदर दिसावे म्हणून ते घेतलेले नाही, कारण त्या कॅमेऱ्याचे काम रोव्हरला वाट दाखवणे हे होते. गावातील मंडळींचा आग्रह होता की हेच चित्र सगळ्यांत मोठे असावे. ही भावना माझीही होती, तरीही मी विरोध केला. तीन फुटांवर ताणलेल्या या चित्रात विक्रमचे पाय चौकोनी ठोकळ्यांसारखे दिसले असते आणि अभिमानाच्या वस्तूची अवकळा झाली असती. आम्ही ते बारा बाय बारा इंचाचेच केले, परंतु पांढरा लेप न देता पत्र्याच्या मूळ चंदेरी पृष्ठभागावर, मंद झळाळीत छापून घेतले. संप्लवनात पांढरी शाई नसते. पांढऱ्या लेपावर पांढरा भाग लेपाचा दिसतो, आणि पारदर्शक लेपावर तेथे उघडी धातू दिसते. म्हणून या पत्र्यात विक्रमच्या अंगावरचा उजेड आणि चंद्राच्या मातीवरील उन्हाचे ठिपके हे खऱ्या अॅल्युमिनियमचेच आहेत, आणि बाजूने चालत गेले की ते हलतात. संपूर्ण संचात आकाराने सर्वांत लहान असलेल्यांपैकी हा पत्रा आहे, आणि मुले सर्वांत जास्त वेळ त्याच्यासमोर उभी असतात. चंदेरी पृष्ठभाग रंगीत चित्राला मात्र देऊ नये. आम्ही मंगळाची एक चाचणी प्रत तशी काढून पाहिली, तर तांबूस रंग मळकट झाला.

झळाळीविषयी दुकानदार विचारतात तेव्हा उत्तर तयार असावे. चकचकीत पृष्ठभागावर काळा रंग सर्वांत खोल दिसतो, पण तोच पृष्ठभाग आरसाही होतो. आमच्या खोलीचे दार पूर्वेला आहे. त्यासमोरच्या भिंतीवर पृथ्वी-उदय लावला तेव्हा सकाळी त्यात अंगणातील कडुनिंब आणि उभी केलेली बैलगाडीच दिसत असे. तो आम्ही दाराला काटकोनात असलेल्या दक्षिण भिंतीवर हलवला आणि प्रश्न सुटला. दारासमोर टांगायचे असेल तर मंद झळाळीचा पत्रा घ्यावा, काळा रंग किंचित उतरतो हे मान्य करून. कॅरिनाचा पत्रा आम्ही तसाच घेतला आहे.

टांगण्याच्या बाबतीत सोबत आलेल्या सूचना आमच्या घरांसाठी लिहिलेल्या नव्हत्या. दुहेरी चिकटपट्टीने लावा, असे त्यांत होते. चुन्याच्या भिंतीवर चिकटपट्टी चुन्याला धरते, आणि चुना भिंतीला धरत नाही. एप्रिल संपण्याआधी मंगळाचा पत्रा पापुद्र्यासह खाली आला. सुदैवाने तो पुस्तकांच्या गठ्ठ्यावर पडला. नंतर गवंडीकाकांना बोलावले. ते भिंतीवर बोटाने ठोकून म्हणाले, “भाऊ, इथं गुट्टी नाई राहात, आतून मातीच हाय. फळी मारा.” त्यांच्या सल्ल्याने सागाची एक आडवी पट्टी खोलीच्या चार खांबांना, जेथे सिमेंट आहे तेथे, पक्की बसवली, तिला उधईचे औषध लावले आणि सर्व पत्रे त्या पट्टीवरून टांगले. पत्रा भिंतीपासून अर्धा इंच पुढे राहतो, मागून हवा खेळते आणि भिंतीची ओल त्याला लागत नाही. चारही कोपरे स्क्रूने घट्ट आवळण्याचा मोहही टाळावा. हिवाळ्याची पहाट आणि मे महिन्याची दुपार यांत आमच्याकडे तीसेक अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यात तीन फुटांचा अॅल्युमिनियमचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरहून थोडा अधिक वाढतो. वाढायला जागा नसेल तर मधोमध फुगवटा येतो आणि प्रकाश पडला की तो लगेच दिसतो. पत्रा विजेच्या बोर्डापासून दूर ठेवावा, कारण तो शेवटी धातू आहे. पडवीत किंवा थेट ऊन येईल तेथेही तो लावू नये. संप्लवनाचे रंग घरातील उजेडात टिकतात, उन्हातील अतिनील किरणांत ते फिके पडतात.

चित्रे मिळवण्यासाठी पैसे द्यावे लागत नाहीत, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. नासाची बहुतेक छायाचित्रे कोणालाही वापरता येतात, तर हबल आणि वेबच्या युरोपीय संकेतस्थळांवरील चित्रे श्रेय नमूद करून वापरता येतात. तेव्हा विक्रेत्याच्या यादीतून निवडण्यापेक्षा संस्थेच्या स्थळावरून सर्वांत मोठी फाइल स्वतः उतरवून घ्यावी आणि पेनड्राइव्हमध्ये न्यावी. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली फाइल लहान होऊन पोहोचते.

एका चित्राने मात्र आमची निराशा केली, आणि ते नेमके आमच्या दारातले होते. लोणार सरोवर येथून मोटारसायकलने फार दूर नाही. उल्का आदळून बेसाल्ट खडकात झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर चंद्र आणि मंगळ समजून घेण्यासाठी जगभरचे शास्त्रज्ञ अभ्यासतात. त्याचे अवकाशातून घेतलेले चित्र या भिंतीवर हवेच होते. नासाच्या टेरा उपग्रहावरील अॅस्टर या जपानी उपकरणाने घेतलेले चित्र मोबाइलवर अतिशय देखणे दिसते. पण त्या उपकरणाचा एक पिक्सेल जमिनीवरचे पंधरा मीटर व्यापतो, म्हणजे सगळे विवर सव्वाशेच्या आत पिक्सेलमध्ये मावते. दीड फुटावर छापलेल्या प्रतीत हिरवे पाणी आणि काठावरचे जंगल यांचा एकच लगदा झाला. आम्ही ती प्रत लावली नाही. लोणारच्या मापाचे एखादे विवर चंद्रावर असेल, तर चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर या यानाच्या, पिक्सेलमागे अर्ध्या मीटरच्या छायाचित्रांत ते साडेतीन हजार पिक्सेल भरते. आपल्या चंद्रयान-२ चा कॅमेरा तर पाव मीटरपर्यंत तपशील टिपतो.

वर्षभरात खोलीचा उपयोग वाढला आहे. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भाच्या आकाशातून जळत गेलेली रेघ आमच्यापैकी अनेकांनी पाहिली होती. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे तिच्यातून पडलेले धातूचे मोठे कडे सापडले, आणि तो चिनी रॉकेटचा अवशेष असल्याचे तज्ज्ञांचे मत पडले. त्या वेळी भीतीने विचारले गेलेले प्रश्न मुले आता या पत्र्यांसमोर उभे राहून शांतपणे विचारतात, आणि पाटीवरचे वाचून एकमेकांना उत्तरे देतात. एवढ्या मोबदल्यात झालेला खर्च मला जास्त वाटत नाही.

उत्तरेच्या भिंतीवर, खिडकीपासून दूर, दीड फुटाची जागा रिकामी ठेवली आहे. तेथे चंद्रावरील साधारण लोणारएवढ्याच एका विवराचे छायाचित्र चंदेरी पत्र्यावर येणार आहे, आणि त्याच्या शेजारी, पिक्सेल परवडतील तेवढ्याच मापाचे, अगदी छोटे लोणार. फाइल निवडून झाली आहे. सोयाबीन विकले गेले की नागपूरला जायचे आहे.